दोरीची दोन टोके

मराठी भाषेने कुत्र्यावर फारशी माया केली आहे, असे म्हणता येणार नाही. एखाद्याची दुर्दशा सांगायची तर 'कुत्र्याचे जिणे', एखाद्याची उपेक्षा सांगायची तर 'कुत्रेही विचारीत नाही', आणि कोणाच्या स्वभावाला औषध नाही असे म्हणायचे तर नळीत घातलेले शेपूट आहेच. ज्या प्राण्याने आमच्या मराठवाड्यातील मेंढ्यांची, खळ्यांची आणि उघड्यावर निजलेल्या लेकरांची पिढ्यान्‌पिढ्या राखण केली, त्याच्या वाट्याला भाषेत एवढाच मान आला. अपवाद खंडोबाचा. घोड्यावर बसलेल्या या दैवतासोबत कुत्रा असतो, आणि त्याचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात कमीपणा मानीत नाहीत.

आमच्या नांदेड जिल्ह्यात कुत्र्याकडे जरा मानाने पाहण्याची संधी मिळते तीही खंडोबाच्याच यात्रेत. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावी जी यात्रा भरते, तिची ख्याती दूरवर आहे. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा मोठा बाजार तेथे भरतो. जिल्हा परिषदेच्या वतीने पशुप्रदर्शन होते. लाल कंधारी आणि देवणी ही आमच्या भागाची दोन गोधने तेथे अंग चोळून, शिंगे रंगवून उभी केली जातात, आणि त्यांच्या जोडीने घोड्यांचे, कोंबड्यांचे व कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. आम्ही उमरीची माणसे रेल्वेने मुदखेडवरून नांदेड गाठतो आणि तेथून लातूर रस्त्याने एस.टी.ने माळेगावी जातो. आमच्या घरी गेली वीस-बावीस वर्षे कारवानी जातीची कुत्री आहेत. त्यामुळे तमाशाच्या राहुट्या आणि पाळण्यांची गर्दी ओलांडून आमचे पाय आपोआप कुत्र्यांकडे वळतात.

तेथे दर वर्षी एक गोष्ट आमच्या नजरेस पडते. कुत्र्याचा मालक म्हणून नाव लागते ते वडिलांचे किंवा चुलत्याचे, पण दोरी धरून उभे असते ते घरातले दहा-बारा वर्षांचे लेकरू. कारण सरळ आहे. कुत्र्याला भाकर घालणारे, पाणी दाखवणारे, गोचीड काढणारे आणि त्याच्याशी बोलणारे तेच असते. परक्या गर्दीत कुत्रे दुसऱ्या कोणाचे ऐकत नाही. या लेकरांकडे पाहता पाहता आमच्या मनात जे विचार आले, ते वाचकांपुढे मांडावेत असे वाटले.

मोठ्या शहरांतील श्वानप्रदर्शनांत आणि परदेशांत मुलांच्या या कामाला एक स्वतंत्र स्पर्धा म्हणून स्थान आहे. तिला 'ज्युनिअर हँडलिंग' म्हणतात. नाव इंग्रजी असले तरी कल्पना समजायला सोपी आहे. एरवीच्या प्रदर्शनात परीक्षक कुत्र्याची पारख करतो : डोके कसे, छाती किती खोल, पाय सरळ की वाकडे, चाल कशी. मुलांच्या या स्पर्धेत मात्र तो कुत्र्याकडे त्या दृष्टीने पाहतच नाही. तो पाहतो मुलाकडे. कुत्रे साधे असो की नामांकित, त्यावर गुण मिळत नाहीत. मुलाने त्याला कसे उभे केले, कसे चालवले, परीक्षक पुढून मागे गेला तेव्हा काय केले, कुत्रे बिथरले तेव्हा काय केले, यावर गुण मिळतात.

अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या वेस्टबरी येथील प्रदर्शनात 1932 साली मुलांसाठी अशी स्पर्धा प्रथम ठेवण्यात आली, आणि लिओनार्ड ब्रम्बी नावाच्या अनुभवी हँडलरने तिचा पाठपुरावा केला, असा इतिहास आहे. पुढे 1971 साली अमेरिकन केनेल क्लबने तिला रीतसर मान्यता दिली. तेथे नऊ वर्षे पूर्ण झालेल्या आणि अठरा वर्षांच्या आतील मुलामुलींना भाग घेता येतो. इंग्लंडमधील 'क्रफ्ट्स' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात तर देशोदेशींची मुले या स्पर्धेसाठी येतात. त्यांतील अनेकांना आपला कुत्रा इतक्या लांब आणणे शक्य नसते, म्हणून ती तेथे उसना कुत्रा घेऊन रिंगणात उतरतात. ज्या प्राण्याशी आदल्या दिवशीपर्यंत ओळखही नव्हती, त्याचा विश्वास अल्पावधीत मिळवायचा! परीक्षा कोणत्या गोष्टीची आहे, हे यावरून ध्यानात येईल.

मुलांना तेथे काय काय करावे लागते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. कुत्रे बहुधा डाव्या हाताला ठेवायचे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने रिंगणात फिरायचे, म्हणजे आत उभ्या असलेल्या परीक्षकाला ते सतत दिसत राहते. चाल दुडकी असावी, कारण त्याच चालीत पायांची ठेवण उघड होते. परीक्षक सांगेल तसे सरळ जाऊन परत यायचे, नाही तर त्रिकोण करून दाखवायचा. परीक्षक आणि कुत्रा यांच्यामध्ये आपण कधीही यायचे नाही. दात दाखवायचे तर ओठ हलक्या हाताने वर उचलायचे. वरचे दात खालच्या दातांना कात्रीसारखे चाटून बसतात की नाही, हे दिसले पाहिजे. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, पिलाला अठ्ठावीस, हे मुलाला ठाऊक असले पाहिजे. कुत्र्याचे लक्ष वेधायला खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे ठेवतात. ते द्यायचे केव्हा आणि द्यायचे नाहीत केव्हा, हेही एक शास्त्रच आहे.

ही झाली कसरत. ती चार महिन्यांत कोणालाही येईल. पण या कसरतीतून मुलाला काय शिकवायचे, हा प्रश्न निराळा आहे, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे.

पहिली शिकवण पाहण्याची. कुत्र्याला बोलता येत नाही हे आपण फार सहज म्हणतो. वस्तुतः ते सारखे बोलत असते, आपल्याला वाचता येत नाही इतकेच. शेपूट पोटाखाली गेले, कान मागे चिकटले, झोप नसताना जांभई आली, काही खाल्ले नसताना जीभ ओठांवरून फिरू लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, की समजावे ते घाबरले आहे. त्यानंतर गुरगुरणे येते, आणि गुरगुरणे दाबले तर चावा येतो. ज्या मुलाला ही अक्षरे वाचता येतात, त्याला कुत्रे चावण्याची शक्यता फार कमी. आमच्या खेड्यापाड्यांत कुत्रे चावण्याचे प्रसंग काही थोडे नाहीत. म्हणून हँडलिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला हेही पाठ असावे, की चावा लागलाच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवायची, हळद-चुना लावीत बसायचे नाही, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रेबीज एकदा अंगात उठला की त्यावर उपाय चालत नाही. 1885 च्या जुलै महिन्यात लुई पाश्चरने आपली लस माणसावर प्रथम वापरली ती जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलावर. त्या मुलाचा जीव वाचला. एवढी जुनी विद्या हाताशी असताना आजही लेकरे दगावतात ती बहुधा उशिरामुळे.

दुसरी शिकवण हाताची. दोरीला दोन टोके असतात. एक कुत्र्याच्या गळ्याशी, दुसरे मुलाच्या मुठीत. मुलाच्या मुठीतला राग, घाई, भीती हे सगळे त्या दोरीतून गळ्यापर्यंत पोहोचते. आमच्या कारवानी कुत्र्याचे तर डोके निमुळते आणि मान त्या मानाने जाड. साधा पट्टा डोक्यावरून सटकन निघून येतो. म्हणून त्याला रुंद पट्टा घालतात आणि तो कानांच्या मागे नीट बसवतात. जोराने ओढाल तर ते मागे सरेल, पट्टा निघेल, आणि मग या वाऱ्याच्या लेकराला यात्रेच्या गर्दीत कोण धरणार? कुत्रे ओढून येत नाही, बोलावून येते, हे ज्याला नवव्या-दहाव्या वर्षी उमजले, तो मुलगा पुढे धाकट्या भावंडांशी, बैलाशी, हाताखालच्या माणसाशी कसा वागेल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही.

या जातीविषयी दोन शब्द सांगणे येथे अस्थानी होणार नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेच्या दोन्ही अंगांना ही लांब पायांची, खोल छातीची, आत ओढलेल्या पोटाची शिकारी कुत्री आढळतात. आमच्याकडे त्यांना कारवानी म्हणतात. कानांवर आणि शेपटीवर रेशमासारखे केस असलेल्यांना पश्मी म्हणतात. मुधोळ संस्थानचे मालोजीराजे घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला, म्हणून तिकडे मुधोळ हेच नाव रूढ झाले. 2005 साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होते. 2016 साली मुधोळची काही पिले सैन्याच्या मेरठ येथील केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. 2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशी कुत्री पाळण्याचे आवाहन केले. तेव्हापासून आमच्या भागातही पिलांची विचारणा वाढली. जे कुत्रे कालपर्यंत मेंढपाळाच्या वाड्यावर भाकरीच्या तुकड्यावर जगत होते, त्याच्या पिलाला आज गिऱ्हाईक मोटार घेऊन येते.

हे चांगले की वाईट, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. जात टिकली, माणसांना चार पैसे मिळू लागले, हे चांगलेच. पण पैसा आला की प्रदर्शनातील बक्षिसाला निराळा अर्थ येतो. ज्या कुत्रीला बक्षीस, तिच्या पिलांना भाव. मग दोरी धरणाऱ्या लेकराच्या डोक्यावर घरच्या संसाराचे ओझे येऊन बसते.

याचा एक प्रसंग सांगतो. आमच्याच भागात तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका छोट्या प्रदर्शनात आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. आमच्या शेजारच्या गावचा एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला आणि दोन वर्षांच्या कारवानी कुत्रीला घेऊन आला होता. कुत्री देखणी होती. मातकट रंग, आरशासारखी कातडी, उभी राहिली की धनुष्य ताणल्यासारखी. पहिला नंबर तिचाच, असे आजूबाजूची माणसे बोलू लागली होती. बापाने जीपचे भाडे उसने काढले होते, आणि पुढच्या वेताच्या पिलांसाठी एका गिऱ्हाइकाशी बोलणेही करून ठेवले होते.

ओळ लागली. दोन कुत्र्यांची तपासणी झाली. एवढ्यात जवळच बँडवाल्यांनी ताशा सुरू केला. कुत्रीने शेपूट पोटाखाली घेतले आणि ती थरथर कापू लागली. मुलगा खाली बसला, तिच्या छातीवर हात ठेवला, कानाशी काही बोलला. क्षणभर ती सावरली. पुन्हा ताशा वाजला, पुन्हा तेच. परीक्षक तिसऱ्या कुत्र्यापाशी होते. हिचा नंबर पाचवा. बाप दोरखंडाबाहेरून दबक्या आवाजात सांगत होता, "उभं कर तिला. मान वर धर. पट्टा वर ओढ." मुलाने एकदा बापाकडे पाहिले, एकदा कुत्रीकडे पाहिले, आणि तो तिला घेऊन सरळ ओळीबाहेर निघून आला.

बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "येवढ्या लांबून आलाव ते वापस जायाला काय रे?" तो म्हणाला.

मुलगा म्हणाला, "बाबा, ती भिलीय. कोणी अंगाला हात लावला अस्ता तर चावली अस्ती."

"मग दोन मिंटं कळ काढायची व्हती."

"म्या काढली अस्ती. तिला निघंना."

यावर बाप काही बोलला नाही. त्याला दोष द्यावा असे आम्हांला त्या वेळीही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. उसन्या भाड्याची चिंता त्याला होती, मुलाला नव्हती. ज्याच्या घरी वर्षाचा हिशेब पावसावर चालतो, त्याला एका ढालीची किंमत आपण सांगू नये. पण मुलगाही चुकला नव्हता. परतीच्या प्रवासात आम्ही त्याच जीपमध्ये होतो. मुलाने डब्याच्या झाकणात पाणी ओतून कुत्रीपुढे धरले होते. जीप निघण्यापूर्वी परीक्षक, जे व्यवसायाने पशुवैद्य होते, तेवढ्यापुरते जवळ आले आणि बापाला म्हणाले, "दोन दिवस तिला गर्दीपासून लांब ठेवा. आणि पुढच्या वेळी आणण्याआधी आठ-पंधरा दिवस बाजारातून फिरवून आणत जा, म्हणजे आवाजाची सवय होईल." एवढेच बोलून ते गेले. मुलाची त्यांनी स्तुती केली नाही. पण ते जाताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून गेले, हे बापाने पाहिले.

त्या दिवशीची ढाल दुसऱ्या एका कुत्र्याला मिळाली, आणि तिच्यावर त्याचा हक्कही होता. पण त्या साऱ्या मैदानात कुत्र्याला ओळखणारा उत्तम हँडलर कोण, असे कोणी आम्हांला विचारले असते, तर आम्ही त्या मुलाकडे बोट दाखवले असते. अडचण एवढीच, की त्या दिवशीच्या गुणपत्रिकेत अशा कृतीसाठी रकानाच नव्हता. प्रदर्शन कुत्र्यांचे होते.

तिसरी शिकवण मागे राहण्याची. चांगला हँडलर रिंगणात दिसत नाही, कुत्रे दिसते. म्हणून मुलांना सांगतात, कपडे स्वच्छ पण साधे घाला, बूट घसरणार नाहीत असे घाला, हातवारे करू नका, परीक्षकाकडे पाहून उगाच हसू नका. आजकाल लहान मुलांना लहानपणापासून मंचावर उभे करण्याची हौस वाढली आहे. नाच, गाणे, भाषण, सगळीकडे मुलगा पुढे आणि टाळ्या त्याला. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या एका जिवाला पुढे करून आपण त्याच्या मागे उभे राहायचे, त्याचे चांगले दिसावे म्हणून आपण घाम गाळायचा, आणि टाळ्या त्याला पडल्या की मनापासून आनंदायचे, हे शिकवणारे खेळ फार थोडे. घरात आजाऱ्याची सेवा करणारी बाई, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाला पुढे आणणारी शिक्षिका, यांचे काम याच जातीचे असते.

चौथी शिकवण खरेपणाची. जेथे स्पर्धा तेथे लबाडी शिरायला वेळ लागत नाही. कातडीवरचा पांढरा डाग रंगाने झाकणे, लंगडणाऱ्या कुत्र्याला दुखणे दाबणारे औषध देऊन उभे करणे, वय चोरणे, हे प्रकार कुठल्याही जनावरांच्या बाजाराला नवे नाहीत. प्रदर्शनांचा इतिहासही अगदी सोवळा नाही. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे 1859 च्या जूनमध्ये जे पहिले रीतसर श्वानप्रदर्शन भरले, त्यात पॉइंटर आणि सेटर अशा दोनच जातींची साठ कुत्री होती, आणि बक्षीस म्हणून दुनळी बंदुका ठेवल्या होत्या. पॉइंटरमध्ये बंदूक मिळवली ती सेटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याने, आणि सेटरमध्ये मिळवली ती पॉइंटरच्या परीक्षकाच्या कुत्र्याने! कुत्री खरोखरच उत्तम असतील. पण लोकांच्या भुवया उंचावल्या नसतील का? पुढे 1873 साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, तो प्रदर्शनांना काही शिस्त लागावी याच गरजेतून.

मुलांच्या स्पर्धेत लबाडीला तसा वाव कमी, कारण कुत्र्याच्या दोषांनी गुण जात नाहीत. दोष झाकण्याचे कारणच उरत नाही. परीक्षकाने विचारले, "हिच्या उजव्या पायाला काय झाले?" तर "गेल्या महिन्यात काटा रुतला होता, अजून थोडी उचलते," असे सांगणारे मूल हरत नाही, उलट त्याचे लक्ष आहे हे सिद्ध होते. दोष ठाऊक असूनही प्रेम करणे आणि दोष लपवून प्रेम करणे यांत अंतर आहे. ते मुलाला येथे विनासायास कळते.

पाचवी शिकवण हरण्याची. रिंगणात दहा मुले उतरली तर नऊ हरणार, हे गणित कोणाला चुकवता येत नाही. हरलेल्या मुलाने जिंकलेल्याला हात मिळवावा, परीक्षकाचे आभार मानावेत, ही शिस्त सर्वत्र शिकवतात. आम्हांला त्यापुढची एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुत्र्याला आपण हरलो हे ठाऊकच नसते. त्याने तेच केले जे घरी अंगणात रोज करते. रिंगणातून बाहेर येताना ते शेपूट हलवीतच येते. ते पडते केव्हा? मुलाचा चेहरा पाहिल्यावर. आम्ही अशी मुले पाहिली आहेत, जी नंबर हुकला की साखळीला हिसका देतात आणि कुत्र्याकडे पाठ करून बसतात. ते बिचारे कधी त्यांचे हात चाटते, कधी लांब जाऊन बसते, आणि आपले काय चुकले ते त्याला समजत नाही. म्हणून मुलांना शिकवायचे ते हे, की निकाल काही लागो, रिंगणातून बाहेर आल्यावर पहिले काम कुत्र्याला पाणी पाजण्याचे आणि पाठीवरून हात फिरवण्याचे. रडायचे असेल तर त्यानंतर रडावे.

आणि येथे पालकांसाठी एक शब्द. मुलाला हरणे जड जाते ते बहुधा आपल्यामुळे. दोरखंडाबाहेर उभे राहून सूचना देणारे वडील, निकालानंतर परीक्षकाशी हुज्जत घालणारी आई, घरी जाताना वाटेत दुसऱ्याच्या कुत्र्याला नावे ठेवणारे काका : मुले हे सारे ऐकतात आणि साठवतात. आम्ही तर म्हणू, मुलांच्या स्पर्धेच्या वेळी पालकांना जरा लांबच बसवावे, चहा द्यावा, आणि निकाल लागेपर्यंत उठू देऊ नये. मुलींच्या बाबतीतही एक सांगायचे आहे. आमच्याकडे कुत्रे सांभाळणे हे पोरांचे काम समजतात, आणि पहाटे त्याला भाकर घालते ती मात्र घरातली मुलगी. हँडलिंगच्या रिंगणात मुलगा-मुलगी असा भेद नाही; एकाच ओळीत दोघे उभे राहतात. जिने वर्षभर घास घातला, तिच्याच हाती त्या दिवशी दोरी का नसावी?

शेवटची शिकवण उरलेल्या दिवसांची. प्रदर्शन एक दिवसाचे, वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे. कुत्र्याला घाम फारसा येत नाही. ते धापा टाकून अंग निववते. आमच्या मराठवाड्याच्या वैशाखात दुपारी डांबरी रस्त्यावर त्याला नेणे म्हणजे तव्यावर चालवणे होय. आपल्या हाताची पाठ रस्त्यावर टेकून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट हे लाडाने देऊ नये, त्याला ते विषासमान आहे. गोचीड दिसली की काढावी, लस चुकवू नये, दुखले-खुपले तर भगताकडे न जाता पशुवैद्याकडे जावे. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्यातालुक्यांत सरकारी दवाखाने आहेत. त्यांची वाट मुलांना ठाऊक असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही त्यांच्या कानावर घालावे. मात्र ज्याने पहिली शिकवण घेतली, त्याला कायद्याची आठवण करून देण्याची वेळ यायची नाही.

आणि कुत्र्याचे आयुष्य माणसापेक्षा फार लहान असते, हेही लपवू नये. नवव्या वर्षी हाती घेतलेले पिल्लू मुलगा कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत म्हातारे झालेले असते. त्याचे दात पडतात, डोळ्यांत सारा येतो, ढाल मिळवण्याचे दिवस संपतात. तेव्हा दोरी धरायला कोणी उरत नाही, उरते ते त्याला उचलून उन्हातून सावलीत नेण्याचे काम. जे मूल ते काम करते, त्याला आम्ही खरा हँडलर म्हणतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरातही अशा हातांची गरज असते.

आमच्या मनात एक साधी सूचना आहे. माळेगावसारख्या यात्रांत आणि तालुक्यातालुक्यांच्या प्रदर्शनांत कुत्र्यांबरोबर मुलांसाठीही एक अर्ध्या तासाची स्पर्धा ठेवावी. तिला मोठा खर्च लागत नाही. चार खुंट, एक दोरखंड, एक पशुवैद्य परीक्षक आणि जरा शांत जागा एवढे पुरे. कुत्रे कोणत्याही जातीचे चालावे, गावठीही चालावे. कारण पारख मुलाची आहे. बक्षीस पैशाचे नसावे, म्हणजे उसन्या भाड्याचे ओझे मुलाच्या डोक्यावर येणार नाही. एखादा चांगला रुंद पट्टा, रेबीजची मोफत लस, एखादे पुस्तक, असे काही असावे. परीक्षकाने प्रत्येक मुलाला दोन प्रश्न विचारावेत : तुझे कुत्रे कशाला भिते, आणि ते भ्याले म्हणजे तू काय करतोस? आणि गुणपत्रिकेत एक रकाना असा असावा, की ज्याने आपल्या कुत्र्याच्या भल्यासाठी ओळ सोडली, त्याचे गुण कमी होणार नाहीत.

ती कारवानी कुत्री आजही त्या मुलाच्या घरी आहे. पुढच्या हंगामात त्याने तिला उमरीच्या आठवडी बाजारातून रोज थोडे थोडे जास्त फिरवले, आधी कडेकडेने, मग भाजीवाल्यांच्या ओळीतून, शेवटी भांड्यांच्या दुकानांसमोरून. बाजार नसेल त्या दिवशी तो तिला स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर नेऊन बसवी आणि गाडी धडधडत निघून जाईपर्यंत तिच्याजवळ बसून राही. एकदा बापच दोरी धरून चालताना आम्हांला दिसला. मुलगा शाळेत गेला होता. आम्ही विचारले, "काय, यंदा माळेगावला का?" तो म्हणाला, "पोरगं म्हनंल तवा. तिला अजून भांड्याच्या आवाजाचं जरा भ्या वाटतंय म्हनतो."